रजेचे प्रयोजन

सरकारी नोकराचे घर दोन ठिकाणी असते. एक जेथे आहे तेथे, आणि दुसरे त्याच्या सेवापुस्तिकेत. पहिल्याची कौले फुटतात, भिंतींना ओल येते, त्यात माणसे जन्मतात आणि मरतात. दुसऱ्याला यांपैकी काहीच होत नाही. नोकरीत शिरताना ‘स्वग्राम’ या शब्दापुढे जे नाव लिहिले जाते ते तेथे राहते. नियमाप्रमाणे ते सबंध नोकरीत एकदाच, आणि तेही खातेप्रमुखाच्या संमतीने, बदलता येते. आमच्या सेवापुस्तिकेत हे नाव ‘वाई, जिल्हा सातारा’ असे आहे. एकतीस वर्षांपूर्वी रांचीच्या कचेरीत ते लिहून घेणाऱ्या वृद्ध कारकुनाने आम्हांस तीन वेळा गावाचे नाव विचारले आणि तिन्ही वेळा आम्ही ‘वाई’ असेच सांगितले. हा नवा मुलगा आपल्यालाच इंग्रजीतून ‘का?’ म्हणून उलट विचारतो आहे अशी त्यांची समजूत झाली, आणि ते बरेच रागावले.

परप्रांतात नोकरी करणाऱ्या वाचकांस हे सांगावयास नको की, स्वग्रामी जाण्यायेण्याची प्रवास-सवलत केंद्र सरकारने १९५६ साली सुरू केली, आणि ती दोन वर्षांतून एकदा मिळते. एखाद्याने सांगितलेले गाव खरोखरच त्याचे स्वग्राम आहे की नाही अशी शंका आल्यास लावावयाच्या कसोट्याही ठरलेल्या आहेत. कौटुंबिक व सामाजिक कर्तव्यांसाठी त्या गावी अधूनमधून जाणे त्याला भाग पडते काय? तेथे त्याचे स्वतःचे किंवा एकत्र कुटुंबाचे घर आहे काय? त्याचे जवळचे नातेवाईक तेथे राहतात काय? नोकरीत येण्यापूर्वी तो काही वर्षे तेथे राहिलेला होता काय? आम्ही लेखा खात्यातले असल्यामुळे या कसोट्या इतरांना लावण्याचा प्रसंग आमच्यावर पुष्कळदा आला आहे. सरकारी भाषेत केलेली ‘घर’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या आमच्या तरी पाहण्यात नाही.

रांची, कटक, भोपाळ, पुन्हा कटक आणि आता शिलाँग. या साऱ्या गावांहून आम्ही रजेवर निघालो तो वाईलाच. मधल्या गाड्या बदलत गेल्या, परंतु शेवट पुष्कळ वर्षे वाठार स्टेशनवर व्हावयाचा आणि तेथून एस.टी.ने आम्ही कृष्णाकाठी उतरावयाचे. रजेच्या अर्जात प्रयोजनाचा एक रकाना असतो. आमच्या जुन्या अर्जांच्या नकला सौभाग्यवतींनी एका पिशवीत जपून ठेवल्या आहेत. त्यांतील प्रयोजने ओळीने वाचली तर एक कुटुंबवृत्तान्त तयार होईल: आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया, माडीची कौले, पुतणीचे लग्न, सात-बाराच्या उताऱ्यावरील चूक, वडिलांचे वर्षश्राद्ध, पुन्हा माडीची कौले. रजा आम्ही अर्जित करावी आणि खर्च घराने करावी, असा तो व्यवहार होता. त्यात आम्हांस कधी काही वावगे वाटले नाही. सौभाग्यवतींना वाटले असल्यास त्यांनी ते एकोणतीस वर्षे बोलून दाखविले नाही.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, आई गेली. दादा डोंबिवलीस, आम्ही शिलाँगला, पुतण्या हैदराबादेस. गणपती आळीतल्या घराला कुलूप लागले. कुलूपबंद घर कसे खचत जाते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. गेल्या मार्चमध्ये घर विकले गेले. मार्चमध्ये लेखा खात्यातल्या माणसाने रजा मागणे म्हणजे ऐन पंगतीत वाढप्याने हात धुवावयास जाण्यासारखे आहे. तेव्हा आम्ही मुखत्यारपत्र पाठविले आणि खरेदीखतावर आमच्या वतीनेही दादांनीच सही केली.

नोव्हेंबरात बारा दिवसांची रजा हाती आली आणि नोकरीत प्रथमच तिच्यावर कोणाचाही हक्क नव्हता. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, या वेळी जिथं आपल्या ओळखीचं कोणी नाही अशा ठिकाणी जाऊ या.” नकाशा काढला. आमच्या पारपत्राला आगाऊ परवान्याची अट न घालणारे आणि समुद्राने चहूकडून वेढलेले असे एक बेट सापडले. मॉरिशस.

परदेशी जावयाचे म्हणजे कचेरीची पूर्वपरवानगी हवी. त्या नमुन्यात खर्चाचा अंदाज, पैसा कोठून येणार, आणि अर्थात प्रयोजन, हे सारे विचारलेले असते. आम्ही तेथे ‘सुटी’ एवढाच शब्द लिहिला. आमच्या आस्थापना शाखेतील खासी मुलगी कामात फार चोख आहे. ती तो कागद घेऊन आली आणि अदबीने विचारू लागली, की उपचार, परिषद, अथवा मुलांची भेट असे काही लिहावयाचे राहिले आहे काय? केवळ सुटी? आम्ही म्हणालो, केवळ सुटी. हे शब्द आमच्या तोंडून इतक्या खालच्या आवाजात निघाले की तिने ते पुन्हा विचारून घेतले.

शिलाँग सोडले तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि सूर्य वर येऊन बराच वेळ झाला होता. आमच्या या बाजूला सूर्य घड्याळाला जुमानत नाही. सबंध देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले, आणि आम्ही राहतो ब्याण्णव अंशांच्या आसपास. म्हणून आसामातील चहामळ्यांनी आपले घड्याळ तासभर पुढे ठेवून त्याला ‘बागान टाइम’ असे नाव दिले. आमच्या वाटाड्याने, म्हणजे मोटार हाकणाऱ्याने, उमियमच्या जलाशयाजवळ धुके असेल म्हणून लवकर निघावयास लावले होते. धुके होते. नोंगपोहला चहा झाला. नोव्हेंबरात खासी संत्र्यांचा हंगाम सुरू झालेला असतो. सौभाग्यवतींनी सवयीप्रमाणे दोन डझन संत्री घेतली आणि पैसे दिल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की ही कोणासाठी घेतली? वाईस जाताना दर खेपेस काहीतरी न्यावयाचे असे. ती संत्री आम्ही मोटार हाकणाऱ्याच्या मुलांना दिली.

गुवाहाटीच्या विमानतळावर, बोरझारला, आमची मोठी पेटी काट्यावर चढली, तिच्या कानाला एक लांब कागदी चिठ्ठी बांधली गेली, आणि ती पडद्यामागे अदृश्य झाली. आता ती एकदम मॉरिशसलाच भेटणार होती. जोडविमानांच्या प्रवासातील ही एक विलक्षण सोय आहे. माणसाने ठिकठिकाणी उतरावे, उभे राहावे, पट्टा काढावा, पट्टा घालावा. पेटी मात्र निर्वेध पुढे जाते. चिठ्ठीवर वाटेतल्या विमानतळांची तीन-तीन अक्षरी नावे होती. मुंबईच्या जागी ‘बी, ओ, एम’ अशी अक्षरे होती. शहराचे नाव १९९५ साली बदलले, विमानतळाला शिवछत्रपतींचे नाव मिळाले, पण पेट्यांच्या लेखी ते अजून बॉम्बेच आहे. जुन्या नोंदीची ही चिवट जात आम्हांस परिचयाची होती.

विमानाचा प्रवास वेगवान असतो ही समजूत एका विमानापुरती खरी आहे. तीन विमाने एकापुढे एक जोडली की त्यांच्या फटींतून बैलगाडीचा काळ आत शिरतो. आमच्या त्या दिवसाचे एकूण सव्वीस तास झाले. त्यांतले दहा आकाशात गेले आणि उरलेले सोळा मोटारीत, खुर्च्यांत, रांगांत आणि पाटीकडे टक लावून पाहण्यात. कलकत्त्यास तीन तास होते. दमदमच्या त्या प्रशस्त, थंडगार दालनात माणसे अशा रीतीने बसलेली असतात, की ती कोठून आली व कोठे चालली हे चेहऱ्यावरून मुळीच ओळखता येऊ नये. रेल्वेच्या फलाटावर असे होत नाही. तेथे बोचकी बोलतात, डब्यांचे वास बोलतात, निरोप देणाऱ्यांचे डोळे बोलतात. येथे निरोप देणारा दाराबाहेरच अडविला जातो, आणि आत येतो तो नुसता प्रवासी, निवडून पाखडून घेतलेला.

रजा मंजूर झाल्यापासून आम्ही मॉरिशसविषयी मिळेल ते वाचीत होतो. सौभाग्यवतींना त्यातले काही सांगितले नव्हते, कारण ते त्यांच्या अटीच्या विरुद्ध जात होते. कलकत्त्यास ते सांगणे प्राप्तच झाले. २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी ‘ॲटलास’ नावाचे जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरात पोहोचले. ते याच कलकत्त्याहून सप्टेंबरात निघाले होते. गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती, म्हणून हा करारबद्ध मजुरांचा, गिरमिटियांचा, व्यवहार सुरू झाला. पुढील ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे त्या धक्क्यावर उतरली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही त्यांची निघण्याची बंदरे. मुंबईहून गेलेल्यांत आपल्याकडची, कोकणातली आणि घाटावरची, माणसे पुष्कळ होती. त्यांच्या वंशजांची एक लहानशी वस्ती आजही मराठी म्हणवते, शाळांतून तेथे मराठी शिकवली जाते, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

“म्हणजे तिथंही आपली माणसं आहेतच!” सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांचा स्वर निराशेचा होता की आणखी कसला हे आम्हांस नीट ठरविता आले नाही.

त्या मजुरांची नोंद ठेवणारी पुस्तके शाबूत आहेत. मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती जपून ठेवली आहेत: नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, आणि गाव. कोठल्या तरी बंदरातील एका कारकुनाने प्रत्येकास गावाचे नाव विचारले असणार आणि ऐकू आले तसे लिहिले असणार. त्यांच्या दशेची आमच्या बदल्यांशी तुलना करण्याचा विचारही आम्ही मनात आणणार नाही. ते पाच वर्षांच्या कराराने बांधलेले, उसाच्या चिपाडासारखे पिळले गेलेले. आम्ही महागाई-भत्त्यासह फिरणारे. परंतु तो गावाचा रकाना आमच्या डोळ्यांपुढून हलेना. ज्यांनी आपले गाव एकदा सांगितले आणि नंतर ते कधी पाहिले नाही, अशी कितीतरी माणसे त्या पुस्तकांत असतील.

दुपारी पावणेचारच्या सुमारास दुसरे विमान निघाले. कलकत्त्यास नोव्हेंबरात पाच वाजण्यापूर्वीच सूर्य बुडतो. आम्ही पश्चिमेकडे तोंड करून त्याच्या मागे लागलो. त्या अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १५५० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, आणि विमान तिच्या साधारण निम्म्या वेगाने उलट दिशेने धावते. म्हणून सूर्य निम्म्याच गतीने खाली उतरत होता. छत्तीसगड गेले, विदर्भ आला असावा, खाली सगळे जांभळे झाले, आणि क्षितिजावर मात्र ती तांबडी कडा तशीच. आमच्या आयुष्यात इतका लांबलेला सूर्यास्त आम्ही पाहिला नव्हता. संध्याकाळ ही वेळ वाईस घाटावर कशी झरकन सरत असे! पाण्यातले ऊन पायरीवर, पायरीवरचे ढोल्या गणपतीच्या कळसावर, आणि आईने दिवा लावला की संपले. येथे एक तास झाला तरी दिवेलागण होईना. सौभाग्यवतींनी शेवटी खिडकीची झापड ओढून घेतली. म्हणाल्या, “पुरे झालं. जीव टांगल्यासारखा होतो.”

मुंबईस उतरताना धावपट्टीच्या कुंपणापर्यंत आलेली निळ्या प्लास्टिकची छपरे, त्यांच्या फटींतून दिसणारे दिवे, आणि चाके टेकताच सबंध विमानाने एकदम उठून उभे राहणे, हे सारे नेहमीप्रमाणे झाले. नेहमीच्या वेळी या क्षणी आम्हांस असे वाटे, की आलो. उरला तो किरकोळ प्रवास. मराठी कानावर पडू लागे. सामान उचलणाऱ्या पोराशीही उगाच चार शब्द जास्त बोलले जात. आज विमानातून बाहेर पडल्यावर दोन पाट्या दिसल्या. एक बाहेर जाणाऱ्यांसाठी, दुसरी पुढच्या विमानासाठी. एकतीस वर्षांत आम्ही त्या दुसऱ्या पाटीकडे पाहिलेही नव्हते. आमचे तिसरे विमान रात्री दोन वाजता होते.

आम्ही प्रथम बाहेर गेलो, कारण दादा येणार होते. दादांचे वय एकाहत्तर आहे. डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका, आणि तेथून भुयारी मेट्रोने विमानतळ, असे तीन गाड्या जोडून ते आले होते. प्रस्थानाच्या दाराबाहेर खांबाला टेकून उभे होते, हातात वहिनींनी दिलेली कापडी पिशवी. त्यांना आत येता येत नव्हते आणि आम्हांस इतक्या लवकर आत जावयाचे नव्हते. आम्ही उभयतांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा मोटारींतून उतरणारे लोक क्षणभर थबकले. मग एका कठड्यावर तिघे बसलो. पिशवीतून थालिपिठे निघाली, लसणीची चटणी निघाली, कैरीच्या लोणच्याची बरणी निघाली. लोणचे तेलातले, बरणी मोठी. पातळ पदार्थ हातच्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि आमची पेटी तर केव्हाच पुढे गेलेली. सौभाग्यवतींनी दोन फोडी तेथेच वाढून घेतल्या आणि बरणी परत पिशवीत ठेवली.

घराविषयी कोणी बोलत नव्हते. हिशेब कधीच पुरा झाला होता, पैसे बँकेत जमा झाले होते, पावत्या आमच्याकडे आल्या होत्या. लेखापरीक्षणात काढता येईल अशी एकही त्रुटी त्या व्यवहारात नव्हती. शेवटी दादांनी पिशवीच्या तळातून रुमालात बांधलेले काहीतरी काढून आमच्या हातावर ठेवले. नानांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, अडकित्ता. पितळी, घोड्याच्या तोंडाचा, पात्याची धार अजून तशीच. नाना रात्री जमाखर्च लिहीत तेव्हा प्रत्येक पानाच्या बेरजेनंतर एक सुपारी कातरीत. “वाटणीत हा राहूनच गेला होता,” दादा म्हणाले. “कोनाड्यात मागे सरकलेला. घर झाडताना सापडला.”

आम्हांस सांगावे लागले, की हा आत नेता येणार नाही. कापणारे, टोचणारे काहीही तपासणीत काढून घेतात, आणि घेतले की ते परत मिळत नाही. दादा जरा वेळ अडकित्त्याकडे पाहत राहिले आणि हसले. “त्यानं जन्मात सुपारीशिवाय काही कापलेलं नाही रे.”

“भाऊजी, तुमच्याकडेच असू द्या,” सौभाग्यवती म्हणाल्या. “परत येताना डोंबिवलीला येऊनच आम्ही तो घेऊ.”

“रजा उरेल का?” दादांनी विचारले. त्यांनी ते अगदी सहज विचारले. आम्ही मनातल्या मनात मोजून सांगितले, की दोन दिवस उरतात.

मग, रुमालाची गाठ पुन्हा मारता मारता, त्यांनी मार्चमधली ती हकीकत सांगितली. खरेदीखत झाल्यावर नव्या मालकांनी त्यांना एक दिवसाची सवड दिली होती. त्यांनी एकट्याने माजघर, माडी, परसू झाडून काढले. विहिरीवरचा रहाट सोडवून ठेवला. किल्ली देण्यापूर्वी उंबऱ्यावर डोके टेकले. “एकदा माझ्या वतीनं टेकलं,” दादा म्हणाले, “आणि एकदा तुझ्या वतीनं. मुखत्यारपत्र होतंच माझ्याकडे.”

यावर आम्ही काही बोललो नाही. आमच्या पलीकडे एक मोठे कुटुंब कोणाला तरी कुवेतला पोहोचवावयास आले होते आणि त्यांतील म्हातारी मोठमोठ्याने रडत होती. तिचे आम्हांस थोडे बरे वाटले. नऊच्या सुमारास दादा उठले. शेवटची मेट्रो चुकेल असे म्हणाले. शेवटच्या मेट्रोला पुष्कळ अवकाश होता हे त्यांना माहीत होते आणि आम्हांसही.

आतला विमानतळ अति सुंदर आहे. उंच छत, मोरपिसाच्या डोळ्यांसारखी त्याची नक्षी, आणि लांबच लांब भिंतीवर सबंध देशातून गोळा केलेल्या कलावस्तू. त्यांत जुन्या वाड्यांचे कोरीव दरवाजे आहेत, झरोके आहेत, एकावर एक रचून भिंतीत बसविलेले. त्यांवर प्रकाश फार चांगला पाडलेला आहे. त्या दारांतून कोणी आत जात नाही आणि कोणी बाहेर येत नाही. सौभाग्यवती त्यांच्यापुढे बराच वेळ उभ्या होत्या. कडी कोठे असे, आगळ कशी सरकत असे, हे त्या बोटाने हवेत दाखवीत होत्या. साडेअकराला पारपत्रावर शिक्का पडला आणि आम्ही, अंधेरीत बसल्या बसल्याच, देशाबाहेर गेलो.

तिसरे विमान. मुंबई ते मॉरिशस सुमारे ४,७०० किलोमीटर, सहा तास, सगळे पाण्यावरून. दिवे मालवले गेले. समोरच्या लहान पडद्यावर एक चिमुकले विमान निळ्या रंगावरून खाली सरकत होते. सौभाग्यवतींनी बजावले होते, की विषुववृत्त आले म्हणजे उठवा. ते आले. विमान हलले नाही, अंधार बदलला नाही. पडद्यावरच्या आकड्यांपुढचे उत्तर गेले आणि दक्षिण आले. आम्ही त्यांना उठविले. त्यांनी डोळे उघडून खिडकीबाहेर पाहिले, “झालं?” म्हणून विचारले, आणि पुन्हा झोपल्या.

आम्हांस मात्र झोप येईना, म्हणून आम्ही त्या चार कसोट्या काढून बसलो. कर्तव्यांसाठी वाईस अधूनमधून जाणे भाग पडते काय? आता पडत नाही. घर आहे काय? नाही. जवळचे नातेवाईक? डोंबिवली, हैदराबाद, वाईस कोणी नाही. नोकरीपूर्वी तेथे राहिलेले होते काय? होय, बावीस वर्षे. चारांत एक. असे प्रकरण दुसऱ्या कोणाचे म्हणून आमच्या मेजावर आले असते तर आम्ही त्यावर तांबड्या शाईने शेरा मारून खुलासा मागविला असता. बदल एकदा करता येतो आणि आमचा तो हक्क अजून शिल्लक आहे. निवृत्तीस अडीच वर्षे उरली आहेत. नवे नाव लिहावयाचे तर कोणते? शिलाँगची सरकारी चाळ? डोंबिवली, जेथे आम्ही सलग चार रात्री कधी राहिलो नाही? आम्ही कागदाच्या हातपुशीवर काही नावे लिहून पाहिली. नंतर हवाई सुंदरीने खाण्याच्या तबकाबरोबर तो कागद उचलून नेला.

उजाडले तेव्हा समुद्रात एक पांढरी रेघ दिसू लागली. बेटाच्या भोवती प्रवाळांची कडा आहे, तिच्यावर फुटणाऱ्या लाटांची ती रेघ. बाहेर गडद निळे पाणी आणि आत फिकट हिरवे. प्लेझान्सच्या विमानतळावर चाके टेकली तेव्हा तेथे साडेसहा वाजले होते, आमच्या घड्याळात आठ. घड्याळे दीड तास मागे घेतली की हिशेब मिटतो असे विमान कंपनीचे मत आहे. सूर्याचे मत निराळे आहे: शिलाँग आणि मॉरिशस यांच्या रेखांशांत चौतीस अंशांचे अंतर, म्हणजे सव्वादोन तास. सौभाग्यवतींनी आपले घड्याळ मागे घेतलेच नाही. वहिनींना फोन कधी करावयाचा ते कळावयास हवे, असे त्यांचे म्हणणे पडले.

पारपत्र तपासणाऱ्या बाईंनी फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत विचारले, किती दिवस? आठ. कशासाठी? आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो तोच सौभाग्यवती ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “हॉलिडे.” बाईंनी मान डोलावली आणि शिक्का मारला. त्या एका शब्दाचा कोणालाही खुलासा लागला नाही. सामानपट्ट्यावर आमची पेटी आमच्या आधीच येऊन गोल गोल फिरत होती, कानाला बॉम्बेची चिठ्ठी तशीच.

विमानतळाबाहेर पडताच दोन्ही बाजूंना ऊस लागला. उभा, हिरवा, काही ठिकाणी तोडणी झालेला. हंगाम संपत आला होता. भुईंजपासून वाईपर्यंत जो वास हिवाळ्यात गाडीत शिरतो तोच वास. एका वळणावर उसाने शिगोशीग भरलेला एक ट्रक आमच्यापुढे आला आणि अगदी सावकाश चालू लागला. टिपऱ्या रस्त्यावर गळत होत्या. रस्ता अरुंद, पुढे जाण्यास वाव नाही. मोटार हाकणारा गृहस्थ ओशाळून मागे वळला आणि म्हणाला, की क्षमा करा, कारखान्यापर्यंत हे असेच चालणार. आम्ही त्यास सांगितले, की आम्हांस याची सवय आहे आणि घाई मुळीच नाही. सौभाग्यवतींनी खिडकीची काच खाली केली.